फोटोपुरती आत्या

"राहू द्या, बिनसाखरेचा चहा चालेल," मी म्हटलं. सातिवलीच्या त्या एका खोलीत आत्याबाई केव्हापासून साखरेचा डबा शोधत होत्या. शेवटी सतरा वर्षांच्या सायलीनेच उठून तो खिडकीच्या कट्ट्यावरून काढून दिला. रोज इथे राहणाऱ्या बाईला साखर कुठे असते ते माहीत नव्हतं.

मी तेव्हा बालसंगोपन योजनेच्या गृहभेटी करायचे. आईवडील नसलेल्या, अठरा वर्षांखालच्या मुलांना सरकार दरमहा थोडे पैसे देतं. मात्र मूल कुणाच्या तरी घरात वाढत असलं पाहिजे. त्या 'कुणाला' कागदावर संगोपनकर्ता म्हणतात; सायलीच्या अर्जात तिथे आत्या लिहिली होती. तो खरंच आहे का हे बघायचं, दारात दोघांचा फोटो काढायचा, हे माझं काम.

खोलीत ताट एक होतं. दोरीवर टॉवेल एक.

"आत्या कधीपासून राहतात इथे?"

मी सायलीला विचारलं. बाईच म्हणाल्या, "मॅडम, मी कोन आत्या नाय. मी जया, बाजूच्या खोलीतली. पोरगी बोलली, फोटोपुरती उभी रहा."

"काकी!"

"काय काकी? साखर कुठं हाय ते आधी सांगायचंस ना!"

सायलीची आई लहानपणीच गेली. वडील गोडाऊनमध्ये कामाला होते, ते आठ महिन्यांपूर्वी गेले. तेव्हापासून ती एकटी. सकाळी बारावीचं कॉलेज, दुपारी एका गाळ्यात पॅकिंग. योजना मिळाली नाही तर कॉलेज सुटून दिवसभर पॅकिंग, हे ठरलेलं होतं.

ऑफिसात साहेबांना सांगितलं.

"एकटी असेल तर केस बसत नाही. बालगृहाचं बघा."

"सर, एकटी आहे म्हणूनच तर मदत हवी."

"मॅडम, योजना कुटुंबासाठी आहे."

बालगृह दुसऱ्या तालुक्यात. म्हणजे कॉलेज सुटलंच. मी परत सातिवलीला गेले आणि दोघींना सगळं सांगितलं.

"मग माझ्याकडं येऊन रहा. खरीखुरी," जयाकाकी म्हणाल्या.

"आणि ही खोली?" सायलीने विचारलं.

"दोन भाडी कोन भरनार?"

"पप्पांची खोली आहे ही," सायली म्हणाली. मग तिने ताट उचललं आणि शेजारी नेऊन ठेवलं.

मी अहवालात लिहिलं: शेजारीण, नातं नाही, मूल त्यांच्याकडे राहते. त्यावर बालकल्याण समितीने मंजुरीचा आदेश दिला. त्यानंतर मंजुरीपत्रांचा सोहळा झाला. पाहुणे कुटुंबसंस्थेच्या थोरवीवर पाऊण तास बोलले. जयाकाकी त्या वेळी मासळी विकत होत्या. सायली एकटीच स्टेजवर गेली आणि एकटीच उतरली.

तीन महिन्यांनी पाहणीला गेले. पैसे सुरू झाले होते. सायली घरात नव्हती.

"जुन्या खोलीच्या पायरीवर बसते अभ्यासाला," जयाकाकी म्हणाल्या. "नवा भाडेकरू काय बोलत नाय. जेवायला हाक मारली की येते. जेवते, निजते. बोलत नाय जास्त."

सायली बंद दाराला पाठ टेकून वाचत होती. मला बघून तिने जागा करून दिली. मी तिच्या शेजारी बसले.

फॉर्मवर प्रश्न होता: मूल कुटुंबात रमले आहे का? मी लिहिलं, 'कॉलेज चालू आहे.' योजनेकडून याहून जास्त मागू नये, एवढं मला त्या नोकरीत कळलं.