मुडदा चालतो, मुका न्हाय चालत

आमच्या बोळात रोज दुपारी तीनला कुणीतरी मरतं. कधी सुरीने, कधी उशी तोंडावर दाबून, कधी चहातून. आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेत घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. एका घरातली किंकाळी चार घरांत जाते, आणि चारही घरांत तीच गुन्ह्यांची मालिका लागलेली असते. त्यामुळे कोण ओरडलं हे विचारायला कुणी उठत नाही.

ही मालिका आम्ही वर्षानुवर्षं शेजारी, माझ्या थोरल्या जावेकडे बसून बघत होतो. तिला मी अक्का म्हणते. ती अक्कलकोटकडची, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, तोंड अजून पंचविशीतलं. आम्ही दोघी विधवा, दोघींची मुलं तिकडे पुण्याला. समोरच्या वहिनी यायच्या, आणखी एकदोघी यायच्या. मधे शेंगांचा ढीग असायचा, चटणीसाठी फोडायचा. पडद्यावर मुडदा पडला तरी शेंगा फोडणारे हात थांबत नसत. उलट, "आता पोत्यात भरंल बघ," असं अक्का आधीच सांगायची आणि तो खरंच पोत्यात भरायचा.

पण रिमोट अक्काच्या मांडीखाली असे आणि त्यामागे कारण होतं. पडद्यावर बाई-पुरुष जरा जवळ आले की रिमोट बाहेर यायचा आणि भजनाचा चॅनल लागायचा. आम्ही माना खाली घालून शेंगा फोडायचो. थोड्या वेळाने अक्का विचारायची, "गेलं असंल का गं ते?" मग परत मालिका. तोवर बहुतेक वेळा त्या जवळ आलेल्यांपैकी एकजण मेलेला असायचा.

मी मूळची मोडनिंबची. शाळेत शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे तोंड गप्प बसत नाही. एके दिवशी मालिकेत म्हातारा नवरा आजारी बायकोचे केस विंचरत होता. विंचरता विंचरता त्याने तिच्या कपाळाचा मुका घेतला. लगेच भजन लागलं. मला माझ्या नवऱ्याचं शेवटचं आजारपण आठवत होतं आणि मला ते दृश्य पुढे बघायचं होतं.

"अक्का, काल त्या माणसाने बायकोचे तुकडे केले, ते तुम्ही चहा पीत बघितलंत. आज हा केस विंचरतोय तर काय झालं?"

"मुडदा चालतो, मुका न्हाय चालत," अक्का म्हणाली. "मुडदा बघून कुणाचं पोर बिघडलंय सांग की."

"आणि मुका बघून कुणाचं बिघडलं?"

"शिकलेल्या बायांना लाज कमीच असती."

बाकीच्या हसल्या. मी माझी शेंगांची परात उचलली आणि घरी आले. दुसऱ्या दिवसापासून तीच मालिका मी माझ्या घरी, एकटीने बघू लागले. आम्ही म्हातारपणी भांडतो ते असंच, शेंगांवरून, चाळणीवरून, पण मिटायला पोरांची लग्नं जमण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

चारचौघींत बघताना न वाटलेली भीती एकटीला वाटायला लागली. अक्काच्या बडबडीत मुडदा हा मुडदाच असायचा. एकटीला तो आपल्याच वयाच्या बाईचा दिसायला लागला. दूधवाल्याकडे मी दाराच्या फटीतून पातेलं द्यायला लागले. गॅस सिलिंडरवाल्याचे हात बघायला लागले. आमच्या बोळात दिवसाढवळ्या दार लावायची पद्धत नाही, नुसता पडदा सोडतात. मी सुताराला बोलावून आतून जाड कडी बसवून घेतली आणि दुपारीही ती लावू लागले. सुतार हसला. मी त्याच्याही हातांकडे बघितलं.

त्या दुपारी मालिकेत एक बाई एकटी टीव्ही बघत होती आणि तिच्या मागचं दार हळूच उघडत होतं. कडी लावली की नाही, आठवेना. बघायला म्हणून घाईने उठले, सतरंजीत पाय अडकला आणि पडले. कमरेत काहीतरी कडकन वाजलं. कडी लावलेलीच होती, ते जमिनीवरून नीट दिसत होतं.

उठायचा प्रयत्न केला तर डोळ्यांपुढे अंधारी आली. फोन आत ओट्यावर चार्जिंगला. हातात फक्त रिमोट. मी ओरडले.

"अक्का! अहो अक्का, या हो!"

भिंतीपलीकडे अक्काचा टीव्ही ऐकू येत होता. माझ्या टीव्हीतली बाई ओरडली की क्षणभराने तीच बाई अक्काच्या घरात ओरडे. त्या दोघींच्या मधे मी. "वाचवा, कुणीतरी या!" असं मी ओरडले, आणि माझंच मला समजलं की हा आवाज अगदी मालिकेतला आहे. मी पुन्हा ओरडले, जीव तोडून. तेव्हा अक्काने आवाज वाढवला. माझ्या ओरडण्यात तिला मालिका नीट ऐकू येत नसावी.

मी आयुष्यात इतकी भ्याले नव्हते. चोराची भीती वेगळी. त्याने यावं लागतं. ही भीती कुणीच येणार नाही याची होती. चार घरांत माणसं जागी आहेत, हातभर अंतरावर आहेत, माझी किंकाळी त्यांच्या कानात जाते आहे, आणि ती ऐकत ऐकत शेंगा फोडताहेत. मालिकेत अशा एकट्या बायका वासावरून सापडतात. अक्का तेव्हा नाकाला पदर लावायची आणि म्हणायची, "शेजारपाजार मेला हुता का सगळा?" ते वाक्य मला आठवलं आणि मी रडायला लागले. घसा बसला. ओरडायचा आवाजही उरला नाही.

टीव्हीचा आवाज वाढवून बघितला. किंकाळ्या मोठ्या झाल्या, एवढंच. मग मला माझ्या जावेचा कान आठवला. किंकाळीने तो कान जागा होत नाही. पण दुसऱ्या एका आवाजाने होतो, भर झोपेतूनही होतो.

मी चॅनल बदलू लागले. रिमोटचा सेल उतरलेला, दर वेळी तळहातावर आपटावा लागे, आणि प्रत्येक आपटण्याने कमरेत कळ जाई. बातम्या. भजन. क्रिकेट. पुन्हा भजन. मी देवाला म्हणत होते, आज भजन नको रे बाबा, आज तसलं काहीतरी दे. आणि दिलं त्याने. जुन्या हिंदी सिनेमातलं गाणं लागलं होतं, शब्द कमी आणि उसासे जास्त असलेलं. मी आवाज शेवटपर्यंत वाढवला.

अक्काचा टीव्ही बंद झाला.

मग भिंतीवर मूठ आपटली. "ए, बंद कर ते!" मी बंद केलं नाही. पुन्हा मूठ. मग बोळात चप्पल वाजली आणि अक्काचा आवाज आला, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असा. "लाज सोडली काय गं? शाळंतनं पोरं यायची येळ झाली की! मास्तरीण म्हणं!"

दार ढकललं, कडी. मग खिडकीचं दार तिने बाहेरून ओढलं. गजांतून तिचा लाल झालेला चेहरा दिसला आणि बघता बघता पांढरा झाला.

"यव्वा! पडलीस व्हय गं? कवा?" आणि लगेच, "आदी ते बंद कर, माणसं बोलवायची हायती!"

मी बंद केलं. खरंच केलं. त्या अवस्थेतही मला हसू आलं आणि हसण्याने अशी कळ आली की शुद्ध गेली. बोळातल्या दोघा रिक्षावाल्यांनी खांदे लावून दार तोडलं म्हणे. सुताराने कडी फार चांगली बसवली होती.

हाडाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात अक्का माझ्या उशाशी बसून राहायची, बोलायची कमी. एकदा माझ्या पायावरचं पांघरूण सारखं करत म्हणाली, "आयकलं हुतं मी. तू वरडलेलं. म्हटलं, आजची बाई लई खरं करतीय." मग तिने तोंडाला पदर लावला. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही आवाज वाढवला असता, आणि याच विचाराने अंगावर काटा येतो. उघडं-वाघडं बघून म्हातारी माणसं बिघडतात का, मला माहीत नाही. मारहाण बघून आमचे कान मात्र बिघडले, हे मी जमिनीवर पडून शिकले.

मुलगा पुण्याला चल म्हणाला. मी गेले नाही. कडी काढून टाकली, पडदा सोडला. आता मला बाहेर जास्त चालवत नाही, म्हणून अक्का तिच्या घरी बघते, मी माझ्या घरी. भांडण नाही. पण भिंतीपलीकडे किंकाळी आली की मी हाक मारते, "अक्का, टीव्ही का?" ती तिकडून ओरडते, "टीव्ही गं!" मग मी गप्प बसते.

गेल्या आठवड्यात मालिकेत एका बाईच्या गळ्याला सुरी लावलेली होती. शेजारीण दाराबाहेरून विचारत होती आणि ती बाई आतून, घोगऱ्या आवाजात, सांगत होती, काही नाही, टीव्ही चालू आहे. तेव्हापासून मला अक्काच्या उत्तराची खात्री वाटत नाही. काल तिच्याकडून किंकाळी आली. मी विचारलं. "टीव्ही गं!" तिने सांगितलं. मी वॉकर ओढला, धापा टाकत तिच्या दारापर्यंत गेले आणि पडदा बाजूला केला.

अक्का एकटीच बसली होती. पुढ्यात शेंगा, न फोडलेल्या. ती टीव्हीकडे बघतच नव्हती, दाराकडे बघत होती.

"सांगितलं की मी, टीव्ही हाय म्हणून," मी म्हणाले, तिचीच नक्कल करून. "तरी मला राहवलं नाही."

ती हसली नाही. सरकून तिने मला जागा केली.

"रोज टीव्ही म्हणून वरडते मी," ती म्हणाली, "आन् मग दाराकडं बघत बसते. टीव्ही नसता, तर तू आली असतीस का म्हणून."