तोंडानं न बोलायचा भाव

कोटो लिमाऊच्या शनिवारच्या गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, एकजण खांद्यावरचा सारोंग, म्हणजे लुंगीचं कापड, काढून दोघांच्या उजव्या हातांवर टाकतो, आणि पुढचं सगळं त्या कापडाखाली बोटांनी चालतं. धरलेलं एक बोट म्हणजे कधी कोटी रुपिया, कधी दहा लाख, कधी लाख; आमचा रुपिया हलका, बैलाचा भाव कोटींतच जातो. पटलं की हात घट्ट दाबून मान हलवायची, नाही पटलं तर हात सोडून हसत चालू पडायचं. शेजारी खेटून उभ्या असलेल्याला काही पत्ता लागत नाही. आणि एकदा मान हलली की दोन्हीकडचे आजे कबरीतून उठून आले तरी सौदा फिरत नाही.

या बाजारात बस्रुलनं चाळीस वर्षं हेडी म्हणून, गुरांचा दलाल म्हणून, काढली होती. लग्नात मिळालेल्या पदवीमुळे त्याला सगळे सुतान म्हणत. सुतानच्या बोटांना डोळे आहेत, असं लोक बोलायचे, आणि ते त्याच्या कानावर पडलं की तो मुद्दाम दुसरीकडे बघायचा. खोटं कशाला बोला, माणूस थोडा फुशारकी मारणारा होताच. पण त्याच्याकडे फुशारकी मारण्यासारखं दुसरं होतं काय? घर बायकोचं, भातशेती बायकोच्या आईकडून आलेली. त्याचं स्वतःचं म्हणावं असं जे काही होतं ते शनिवारी सकाळी सहापासून दुपारपर्यंत होतं.

रमजानच्या उपवासाचा महिना संपल्यावर एके सकाळी तो ओट्यावर कॉफी घेऊन बसला होता. रोस्नियार, त्याची बायको, आतून आली आणि ओरडली, "अहो, ग्लास खाली ठेवा! आत्ता चुलीवरून उतरवलंय!"

त्यानं ग्लास ठेवला. बोटांवर टचटचीत फोड आले होते.

"लोखंडाची आहेत का बोटं?" ती म्हणाली.

"कामाची आहेत," तो म्हणाला आणि हसला. फोड आलेला हात त्यानं मांडीखाली सरकवला.

आरोग्य केंद्रातल्या नर्सनं रक्त तपासून सांगितलं की साखर बरीच वाढली आहे, पाय जपा. "पायांचं काय घेऊन बसलीस," बस्रुल म्हणाला, "मी पायांनी धंदा करतो का?" ती हसली. हाताचं त्यानं तिला विचारलंच नाही. विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं.

मग तो गोठ्यामागे जाऊन बसायला लागला. उजव्या हातावर सारोंग टाकायचा, डोळे मिटायचे, डाव्या हातानं उजव्याची बोटं धरायची आणि किती धरली ते ओळखायचं. आता स्वतःचाच डावा हात स्वतःला फसवणार तरी कसा? म्हणून त्यानं शेजारणीच्या चार वर्षांच्या नातीला गोळ्या देऊन कामाला लावलं. "धर बरं आजोबांची बोटं. किती धरलीस?" दहा वेळा धरली, त्याला तीनदा बरोबर सांगता आलं. पोरगी खिदळत घरी गेली.

तरी तीन शनिवार निभले, कारण समोर घेणाऱ्यांचा दलाल जमारिन होता. जमारिनशी त्याचा तीस वर्षांचा व्यवहार. बाकीच्यांना जमारिनचा चेहरा कोरा दिसायचा, पण आकडा वर गेला की त्याची खालची पापणी किंचित वर चढते हे बस्रुलला ठाऊक होतं. त्या पापणीवर त्यानं तीन आठवडे धंदा केला. एकदा चुकला, मालकाला लाखभर कमी मिळत होते, ते त्यानं गुपचूप आपल्या खिशातून घातले. दुसरा कुणी असता तर सरळ घरी बसला असता. बस्रुलला घरी बसण्याची इतकी धास्ती होती की तो देवाकडे बोटं मागायचं सोडून पुढचा शनिवार मागत होता.

आणि चौथ्या शनिवारी यूस्मिदानं आपला खोंड आणला.

यूस्मिदा म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यापासून तिच्या बऱ्यावाईटाला मामाच उभा राहायचा, आमच्याकडे मामाचं कामच ते. तिला डोंगरावरची भाजी गावोगावच्या बाजारांत पोचवायला तीनचाकी टेम्पो घ्यायचा होता, जुनाच, पण इंजिन चांगलं. टेम्पोवाला रविवारपर्यंत थांबायला तयार होता. त्यासाठी तिनं तीन वर्षं हा तांबडा खोंड हातानं गवत कापून वाढवला होता.

"मामा, दोन कोटी दहा लाखांच्या खाली नको हं," ती म्हणाली. "तेवढे आले की टेम्पो माझा."

"जास्त आणून देतो," बस्रुल म्हणाला. सवयीनं तोंडातून निघून गेलं. सौदा दुसऱ्या कुणाकडे देण्याचं त्याच्या मनात येऊन गेलं होतं. पण सख्ख्या भाचीचा खोंड मामानं दुसऱ्याच्या हातात का दिला, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं विचारलं असतं.

त्यानं गर्दीत जमारिनला शोधलं. चहाच्या टपरीवर नव्हता, कुंपणाशीही नव्हता.

"जमारिनदादा आजारी आहेत," मागून आवाज आला. "आज मी घेतोय त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी."

तो एफ्रिझोन होता. खालच्या शहरातला, तिशीतला, अंगात चामड्याचं जाकीट. त्याची बोटं भारी चपळ आहेत असं लोक सांगायचे. त्यानं खोंडाचे दात पाहिले, पुठ्ठ्यावर थाप मारली, आणि बस्रुल काही बोलायच्या आत स्वतःचा सारोंग दोघांच्या हातांवर टाकला.

बस्रुलनं आधी आपला आकडा दिला. द्यायला काही अडचण नव्हती, मूठ अजून ऐकत होती. त्यानं दोन कोटी तीस सांगितले. एफ्रिझोननं तोंड वाकडं केलं आणि त्याची बोटं धरली.

काहीतरी हललं. जाड रजईवरून कुणी हात फिरवावा तसं. दोन बोटं धरली असावीत, म्हणजे दोन कोटी. मग पुन्हा काहीतरी. एक बोट? की चार? बस्रुलनं त्याच्या पापण्यांकडे पाहिलं. त्या पापण्या नुसत्या पापण्या होत्या.

"परत," तो म्हणाला.

एफ्रिझोननं परत धरली. बस्रुलच्या कानामागून घामाची धार निघाली.

"परत."

आता आजूबाजूचे दोघेतिघे वळून बघू लागले. तिसऱ्यांदा बोटं धरायला लावायची म्हणजे लाजच. "काय सुतान," एफ्रिझोन म्हणाला, "झोप झाली नाही वाटतं? की माझ्या हाताला वास येतोय?" लोक हसले. बस्रुलही हसला.

दोन कोटी दहा असतील. पंधराही असतील. कुठल्याही शहाण्या माणसानं या खोंडाला याहून कमी सांगितलं नसतं. मान हलवली की सुटलो. आजचा दिवस निभला. कमी पडले तर घालू खिशातून, पण खिशात होतंच काय? त्याची मान खरंच खाली यायला लागली होती.

तेवढ्यात त्याला कुंपणाशी यूस्मिदा दिसली. ती इकडे बघतही नव्हती. खोंडाच्या कानात अडकलेली काडी काढत ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती. सौदा मामाच्या हातात होता, मग बघायचं कशाला?

बस्रुलनं सारोंग ओढून बाजूला केला. दोघांचे हात उन्हात उघडे पडले.

"तोंडानं सांग," तो म्हणाला. "माझ्या बोटांना कळत नाही."

"काय?"

"बोटं मेलीत माझी. तोंडानं सांग किती ते."

टपरीवरच्या गप्पा थांबल्या. या बाजारात असं कुणी कधी केलं नव्हतं. भर चौकात लुगडं फेडल्यासारखं लोक खाली बघू लागले. एफ्रिझोन कानापर्यंत लाल झाला. इकडेतिकडे बघून त्यानं वाकून बस्रुलच्या कानात सांगितलं, "एक कोटी ऐंशी."

तीस लाख कमी. बस्रुलची मान बोटभर आणखी खाली गेली असती तर तीन वर्षांचं गवत गेलं असतं, टेम्पो गेला असता.

"दोन कोटी दहा," तो मोठ्यानं म्हणाला. आवाज चिरकला, पण थांबला नाही. "त्याच्या खाली नाही. माझ्या भाचीचा खोंड आहे. ऐकलं सगळ्यांनी?"

"आता काय मिरच्या-वांग्यांसारखं ओरडून विकायचं का?" कुणीतरी मागून म्हणालं. कुणी हसलं नाही. एफ्रिझोननं सारोंग खांद्यावर टाकला आणि निघून गेला. थोड्या वेळानं वरच्या गावचा खाटीक पुढं आला, बस्रुलकडे न बघता यूस्मिदाला म्हणाला, "दोन कोटी दहा. घेतो." हात पुढं करायची गरजच नव्हती. आकडा सगळ्यांना ठाऊक होता, त्यामुळे वर एक लाखही मिळाला नाही.

खोंड गेला. गर्दी पांगली, पण प्रत्येकजण जाताजाता बस्रुलच्या हातांकडे बघून जात होता. यूस्मिदाचे डोळे भरले होते. टेम्पो मिळाल्याच्या आनंदानं नव्हे. लाजेनं भरले होते, आणि रागानंही.

"सगळ्यांसमोर, मामा?"

"हो."

"कधीपासून आहे हे?"

"उपवास संपल्यापासून."

"मामीला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला तरी सांगायचं होतंत! दुसऱ्याला दिला असता खोंड. मला काय, टेम्पो मिळाल्याशी मतलब होता!"

"तेच तर," बस्रुल म्हणाला. "दुसऱ्याला दिला असतास."

त्याला लोकांच्या नजरा सहन होईनात. हात खिशात घालावेत म्हणून त्यानं डावा घातला, उजवा ओढला, तर तो येईना. त्यानं खाली पाहिलं. यूस्मिदानं तो आपल्या दोन्ही हातांत धरला होता, इतका घट्ट की तिची नखं पांढरी पडली होती. कधी धरला होता, त्याला कळलंच नव्हतं.