व्याह्यांचा एक कप

आमच्या भावकीचं एक बरं आहे. कुणाचं वाटोळं करायचं तर सगळे मिळून करतात, एकट्यावर बोल येत नाही. सात घरं आमची. सातही घरांचे कर्ते आमच्या ओसरीवर बसतात, कारण आमचं घर थोरलं. एक जण जरी अडला तरी निकाल होत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. बायका आत. बाईनं बैठकीत तोंड उघडायचं नाही, पण शेवटचं मत तिचंच असायचं. निकाल आतल्या बायकांना पटला तर घरच्या थोरलीनं चहा पाठवायचा. बाहेर चहा गेला आणि वडीलधाऱ्यानं घोट घेतला की निकाल पक्का, मग तो विषय कुणी उकरायचा नाही. चहा आलाच नाही तर बैठक मोडली. पाणी मात्र पाहिजे तेवढं प्या.

माझ्या सासूबाईंनी हे एकदा करून दाखवलं होतं. मागच्या गल्लीतल्या पिंजाऱ्याच्या घराची वाट बंद करायचं बाहेर ठरत होतं. म्हातारीनं चुलीतली लाकडं मागं ओढली आणि निवांत तूर पाखडत बसली. सासरे खाकरून खाकरून दमले. शेवटी त्यांनी विचारलं, "काहून वं, चहा न्हाई का आज?"

"साखर सरली," सासूबाई आतून म्हणाल्या.

दुपार कलली तेव्हा वाट मोकळी राहिली आणि साखरही सापडली. आम्ही सुना पदर तोंडात कोंबून हसलो होतो. सासूबाई गेल्या आणि चहाचं काम माझ्याकडं आलं. ते नुसतं काम आहे असंच मला बरेच दिवस वाटायचं.

मग माझा धाकटा दीर गेला. त्याच्यामागं त्याची बायको, माझी जाऊ, आणि तिची आठ वर्षांची पोरगी. कालव्याखालची दोन एकर जमीन त्याच्या वाट्याची, तिथं हळद चांगली येते. जाऊ म्हणाली, "अक्का, मी करते. बेणं हाय, अंगात ताकद हाय. मला कुणाचं काही नको." कायद्यानं जमीन तिचीच होती. पण बांधावरची वाट भावकीची, पाण्याची पाळी भावकी ठरवणार, मजूरही भावकीच्या शब्दावर येणार. त्यांनी पाठ फिरवली तर कागद काय चुलीत घालायचा?

त्या जमिनीवर चुलत सासऱ्यांचा डोळा होता. भावकीत तेच सगळ्यांत वडील. बशीत ओतल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही, म्हणून आमच्याकडं एक जुनी बशी खास त्यांच्यासाठी ठेवलेली. बैठकीत ते गोड आवाजात म्हणाले, "बाईमाणसाला हळदीचं झेपत न्हाई. जमीन माझं पोरगं वाहील. तिनं माहेरी राहावं, लेकराला सांभाळावं. तिच्याच भल्याचं सांगून राहिलो." सहा घरांनी माना हलवल्या. माझा नवरा गप्प बसला, म्हणजे त्यानंही हलवली.

आत चुलीजवळ जाऊ बसली होती. आमचं आधीच ठरलं होतं, चहा जाणार नाही. मी तिला म्हणालेही, "बसू दे मेल्यांना कोरड्या घशानं."

पण घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! कनेरगाव नाक्याहून आमचे होणारे व्याही येऊन ओसरीवर टेकले. माझ्या लेकीचं त्यांच्या घरी जमत आलं होतं, साखरपुडा तेवढा बाकी. योगायोग कसला डोंबलाचा! चुलत सासऱ्यांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं, हे मला मागून कळलं.

नवरा आत आला. "व्याही बसून राहिले. एक कप तरी टाक."

"बैठक उठल्यावर टाकते."

"पोरगी द्यायची हाय त्या घरी, इसरली का?"

मी जावेकडं पाहिलं. "एकच कप," मी म्हणाले. "पाहुण्याचा. बैठकीचा न्हाई."

"नका अक्का," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

मी टाकला. नवऱ्यानं बाहेर नेला. व्याही रीतीचा माणूस, एकट्यानं कसा पिणार? "आधी वडीलधारे," म्हणून त्यांनी कप चुलत सासऱ्यांपुढं सरकवला. त्यांनी तो बशीत ओतला, फुंकला आणि भुरका मारला. "आला बरं का थोरलीचा चहा! झालं मग."

दाराआड उभी राहून मी ऐकत होते. "हा बैठकीचा न्हाई" असं ओरडले असते तर फार तर व्याही उठून गेले असते. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

आठ दिवसांनी जाऊ पोरीला घेऊन नरसीला, माहेरी निघाली. मी म्हटलं, घोटभर चहा तरी घेऊन जा. पिशवी उचलत ती म्हणाली, "नको अक्का. तुमचा चहा लई महाग पडतो."

मी रडले. म्हणाले, "आईच्यान, असं व्हईल हे मला ठाऊक नव्हतं." तिनं फळीवरच्या बशीकडं पाहिलं आणि पोरीचा हात धरून गेली.

आता लेक नाक्याला सुखात आहे. कालव्याखाली चुलत सासऱ्यांचं पोरगं हळद काढतं. भावकी अजून माझ्या हातच्या चहाचं कौतुक करते. आणि मी खोटी शपथ खाल्ली, हे मला माहीत आहे, जावेलाही माहीत आहे. व्याही नुसत्या कपानं चहा घेतात. आमच्याकडं बाकी सगळेच तसा घेतात. त्या दिवशी तो एक कप भरल्यावर, कुणी न सांगता, त्याच्याखाली ती जुनी बशी मीच ठेवली होती.