ओल्या गोणपाटातला चिरा

आमच्या जांभ्या दगडाची इंजिनियरिंग कॉलेजच्या संशोधनशाळेत पहिली परीक्षा झाली ती माझ्या हातून. आणि अशी झाली, की त्या चिऱ्याबरोबर आमचं घराणंही नापास व्हायची वेळ आली.

पालीच्या अलीकडे वडिलांची चिरेखाण होती. त्यांचा चिरा इतका काटकोनात, की त्याच्यावरून धावणारी पालसुद्धा कोपऱ्याशी थांबून शिस्तीत वळे. गावच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, पूल व्हायचा होता. ओव्हरसियर म्हणाले, "जांभा भार घेतो असं कॉलेजचं पत्र आणा, नाहीतर मी घाटावरून काळा दगड मागवतो." वडिलांच्या ते जिव्हारी लागलं. ज्या दगडानं तीन पिढ्या विहिरी आणि देवळं बांधली, तो आपल्याच दारातल्या पुलाला चालणार नाही? पत्र आणायचं काम माझ्यावर आलं. घाट चढून विद्यापीठाच्या कॉलेजात शिकणारा गावात मी एकटाच. बाकीचे सगळे मुंबईला.

आता कबूल करतो. शाळेपायी माझं लहानपण रत्नागिरीत मावशीकडे गेलं; खाणीपेक्षा मासळीबाजार मला जास्त कळे. ताजं ते उत्तम, एवढंच माझं शास्त्र. म्हणून त्याच सकाळी कापलेला चिरा उचलला, वाटेत सुकू नये म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळला, आणि आंबा घाटात दर झऱ्याशी सर्व्हिस मोटर थांबवून त्याच्यावर पाणी मारलं. ड्रायव्हरला वाटलं, आजारी माणूस आहे.

संशोधनशाळेतलं दाबयंत्र म्हणजे असं, की खाली सह्याद्री ठेवला तर सपाट मैदान व्हावं. चिरा ठेवला, काटा जरासा हलला, आणि चिऱ्याचा लाल चिखल होऊन प्रोफेसरांच्या पांढऱ्या धोतरावर उडाला.

"याचा पूल बांधणार?" ते म्हणाले. "याच्यावरून कावळासुद्धा चालत नेऊ नका."

मी घरी पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी वडीलच आले. खांद्यावर चिरा. गोठ्याच्या भिंतीतला उपटून आणलेला! त्या भोकातून तोंड काढून आमची म्हैस पुढे महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करत होती म्हणतात.

"तू कसा आणलास रे दगड?" वडिलांनी विचारलं.

मी सांगितलं. गोणपाट, झरे, सगळं.

"मेल्या, दगड हाय की बांगडा?" सगळी संशोधनशाळा हसली. मग ते प्रोफेसरांकडे वळले. "साहेब, खाणीतनं काढलेला चिरा कोवळा असतो. त्याला ऊन-वारा खाऊ द्यायचा, एक पावसाळा अंगावर घेऊ द्यायचा. मग निबर होतो. घाला ह्यो तुमच्या यंत्रात."

प्रोफेसर मोठा माणूस. पिढीजात खाणवाल्याशी वाद न घालता त्यांनी चिरा यंत्रात ठेवला. काटा चढत गेला. पूल पेलण्याचा आकडा आला, गेला. वडील शांतपणे पानाला चुना लावत होते. चिरा फुटला तेव्हा असा आवाज झाला, की शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर एक पायरी विसरले.

पण प्रोफेसर एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी खाणीवरून ताजे चिरे मागवले, काही पाण्यात ठेवले, काही उघड्यावर, आणि पावसाळ्याआधी व नंतर दाबून पाहिले. शेवटी अहवालात नियम आला: पुलासाठी जांभा कापल्यावर एक पावसाळा उघड्यावर ठेवावा, मगच वापरावा. इंग्रजी प्रोफेसरांचं होतं, पण वाक्य आमच्या बाबांचं. मी ते इतक्या जणांना वाचून दाखवलं, की कागद घडीवर फाटला.

पूल जांभ्याचाच झाला. भाताच्या भरल्या गाड्या पहिल्यांदा निघाल्या तेव्हा वडील धोतर खोचून पऱ्यात उतरले आणि बरोबर कमानीखाली जाऊन उभे राहिले. ओव्हरसियर वरून ओरडत होते, "अहो, बाहेर या!"

"इंजिनियर, तू पण ये खाली," वडील म्हणाले.

मी गेलो. एवढा वेळ फुशारक्या मारल्या, पण हे खरं सांगतो: मी बाबांच्या सदऱ्याची बाही धरून उभा होतो. डोक्यावरून गाड्या गेल्या, एकामागून एक. बाबांनी वर पाहिलं, मीही पाहिलं. मातीचा कणसुद्धा पडला नाही.