पणजोबांच्या पलीकडले

माझा मावसभाऊ ठाण्यात मास्तर होता आणि त्याच्या डोक्यात एक विलायती ग्रंथ शिरला होता. एका संध्याकाळी त्याने भरसभेत सांगून टाकले की माणूस काही ब्रह्मदेवाने घडवलेला नाही. वानरासारख्या कुठल्याशा प्राण्यापासून तो हळूहळू होत आला आहे. मी पुढच्याच बाकावर होतो. इतके देखणे भांडण मी नाटकातसुद्धा पाहिले नव्हते. एक पेन्शनर गृहस्थ रागाने उठून गेले, आणि पुढे काय झाले ते राहून जाईल म्हणून दारातून परत आले.

पण खरा अंक पुढेच होता. थोड्याच दिवसांत मावशीच्या यजमानांचे वर्षश्राद्ध आले. ते नीट पार पडावे, एवढी एकच गोष्ट तिला त्या वर्षात हवी होती.

उपाध्याय कल्याणहून गाडीने आले ते गाल फुगवूनच. पाय धुतले, पाटावर बसले, दर्भ मांडले आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ राहिले. व्याख्यानाची बातमी कल्याणात पोचली होती. ज्याचे पितर वानर, त्याच्या हातून पिंड द्यायचा तरी कुणाला, असा त्यांचा सवाल होता.

"बोललो ते खोटं, असं पितरांसमोर म्हण. मग पुढं चालू."

"गुरुजी, बाबांच्या श्राद्धाला बसून खोटं कसं बोलू?" भाऊ म्हणाला. "मला ते पटलंय."

आतून वड्यांचा वास येत होता. माझे मन दोन्ही पक्षांचा तमाशा पाहण्यात रमले होते, पण पोट केव्हाच तडजोडीला तयार झाले होते.

कोलशेतचा एक किरिस्ताव शेतकरी केळीची पाने घेऊन आला होता. वाद ऐकून तो अंगणातच बसला आणि गुरुजींच्या बाजूने बोलू लागला. पहिला माणूस देवाने स्वतःच्या हाताने मातीचा केला, असे त्याला पाद्रीबाबांनी सांगितले होते. मास्तरांनी मातीचा मान उगाच माकडाला दिला, असे त्याचे म्हणणे. एरवी गुरुजी त्याच्यापासून चार हात लांब राहत. त्या दिवशी त्यांनी त्याच्याकडे पाहून मान डोलावली. उभ्या जन्मात दोघांचे एकमत झाले ते माझ्या भावाविरुद्ध.

तेवढ्यात मावशी स्वयंपाकघराच्या दारात आली.

"गुरुजी, पिंड तीनच ना? ह्यांच्याशी मी संसार केला. मामंजींना माझ्या हातानं वाढलं. आजेसासऱ्यांना लग्नात वाकून नमस्कार केला. शेंडी होती, शेपूट नव्हतं. माझी ही तिन्ही माणसं आज उपाशी ठेवता?"

गुरुजींनी डोळे मिटले. ते हट्टी होते, पण शास्त्रापुढे त्यांचा हट्ट चालत नसे. पिंड बाप, आजा आणि पणजा यांनाच. त्यापलीकडच्या पितरांना पिंड नाही. पिंड देऊन झाले की हाताला चिकटलेला भात दर्भाला पुसायचा, तोच त्यांचा वाटा. गुरुजींनी एक डोळा उघडला.

"तुझे ते वानर पणजोबांच्या अलीकडचे की पलीकडचे?"

"फार पलीकडचे, गुरुजी."

"मग त्यांना नुसता हात पुसायचा. जानवं उजव्या खांद्यावर घे."

मावशीने पदराने डोळे टिपले आणि ती वडे तळायला आत वळली. शेतकरी मात्र नाराज झाला. गुरुजी इतक्या लवकर फितूर होतील, असे त्याला वाटले नव्हते.

तीन पिंड झाले. मग हात पुसायची वेळ आली. भाऊ एकेक बोट दर्भावर घासू लागला, नखातली शितेसुद्धा काढू लागला. मंत्र संपला तरी त्याचे चालूच. माझा जीव कासावीस झाला.

"पुरे रे," गुरुजी म्हणाले. "किती पुसशील?"

"गुरुजी, पलीकडे गर्दी फार आहे."

गुरुजींनी दर्भाची आणखी एक काडी त्याच्यापुढे सरकवली.