ओळीच्या टोकाशी

भिसेगावच्या भागूबाईने कर्जतजवळच्या एका प्रयोगशेतावर बावीस वर्षं भेळ, म्हणजे पिकात मिसळलेली परक्या जातीची रोपं, काढली. बियाण्याच्या भातात परकं रोप दिसलं की ते मुळासकट उपटायचं आणि त्याच ओळीच्या टोकाशी बांधावर ठेवायचं, म्हणजे मुकादमाला पडताळता येतं. वाऱ्याने हलणाऱ्या वाफ्यातही असं रोप तिला चालता चालता दिसे.

अडुसष्टच्या आश्विनात ही नजरच तिला भोवली. शेतावर संशोधन करणाऱ्या गुप्तेसाहेबांच्या वाफ्यात वीस ओळी होत्या, ओळीत छत्तीस रोपं. त्या भाताच्या आधीच्या पिढीची गुणसूत्रं औषधाने दुप्पट केलेली. खोडं जांभळी, लोंब्यांना कुसळं. मधूनच हिरव्या खोडाची रोपं होती, ती भागूबाईने नेहमीसारखी उपटली.

दुपारी मुकादम सदू आला आणि कपाळाला हात लावून बसला. साहेब उद्या तीच हिरवी रोपं मोजणार होते. जांभळ्या-हिरव्याच्या संकरातून साध्या भातात चारांत एक हिरवं निघतं, गुणसूत्रं दुप्पट झालेल्या या भातात छत्तिसांत एक निघायला हवं होतं. त्यातली बहुतेक बिनकुसळाची असली, तर रंग आणि कुसळ हे दोन्ही गुण बियाण्यात शेजारीशेजारी बसलेत असं ठरणार होतं. तीन वर्षांचं काम होतं ते.

सदूने बांध पाहिला. कुठे तीन रोपं, कुठे एक, सात ओळींच्या टोकाशी काहीच नाही.

"ओळीला एकेक ठेव गं," तो म्हणाला. "एक कमी पडतंय, ते पलीकडच्या वाफ्यातून आण. सांगू, मोजायला सोपं जावं म्हणून काढलं."

गेल्या साली चुकीची ओळ कापली म्हणून तिच्यासोबतच्या मोतीबाईचं काम सुटलं होतं. भागूबाईने रोपांवर ओलं गोणपाट टाकलं, जिथली तिथेच.

सकाळी ती साहेबांसमोर उभी राहिली. "मीच उपटली, साहेब. भेळ वाटली मला. पन जिथली तिथंच हायेत."

साहेब बराच वेळ बांधावरून फिरले. सात ओळी मोकळ्या कशा, एवढंच त्यांनी विचारलं.

"त्यांत नव्हतीच."

एकोणीस रोपं भरली, त्यातली सोळा बिनकुसळाची. वही मिटून साहेब म्हणाले, "ओळीला एकेक दिसलं असतं तर मी हा वाफा सोडून दिला असता. बी असं सारखं वाटून येत नाही, भागूबाई."

मागे उभा असलेला सदू पायांवरचा चिखल खरवडू लागला.

पुढच्या हंगामात साहेबांनी तिच्या हाती सुतळीचे तुकडे दिले. आता उपटायचं नव्हतं, नुसतं बांधायचं होतं. तरी कितीतरी दिवस हिरवं रोप दिसलं की तिची बोटं आधी मुळाशीच जात.