शून्य तुम्ही धरा

किंमतवाले काका शेवटपर्यंत घरांच्या किमती काढत राहिले, पण त्यांच्या तोंडून किंमत काढणं कोणालाही जमलं नाही. घर बघून झाल्यावर आपण सहज "अंदाजे किती, काका?" म्हटलं, की ते खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागत. दोन्ही काचा पुसून होईपर्यंत एक शब्द नाही. मग म्हणत, "अंदाज तुमच्याकडं हायच की. त्याच्यासाठी मी कशाला?" आणि स्कूटरला किक मारत. माणूस जाईपर्यंत आपण दारात तसेच उभे.

ते सरकारमान्य व्हॅल्युअर होते. नोकरी इंजिनिअरची झाली होती, निवृत्तीनंतर हे काम. 'व्हॅल्युअर' हा शब्द आमच्याकडे कोणाच्या तोंडात नीट बसत नसे, म्हणून जालन्यात ते किंमतवाले काकाच झाले. मुलीच्या शिक्षणासाठी मी घरावर कर्ज काढलं, तेव्हा बँकेने त्यांना आमच्याकडे पाठवलं. ती आमची पहिली भेट, आणि पहिला संताप.

मी घर बांधताना प्रत्येक पावती जपून ठेवलेली आहे. सिमेंटच्या पोत्यापासून दाराच्या बिजागरीपर्यंत. सगळ्या निळ्या फाइलमध्ये, तारखेप्रमाणे लावलेल्या, आणि शेवटच्या पानावर बेरीज. ती फाइल मी काकांपुढे उघडून ठेवली. त्यांनी शेवटचं पान पाहिलं आणि फाइल मिटून माझ्याकडे सरकवली.

"हा खर्चा झाला. किंमत न्हाई."

"काका, यातली एकही पावती खोटी नाही."

"म्हणून तर म्हणलं. खर्चा बिलकुल बराबर हाय." मग वर बघून म्हणाले, "गच्चीवर पाणी कुठं तुंबतं ते दाखवा."

अकरा वर्षांची फाइल, आणि या गृहस्थांना माझ्या गच्चीवरच्या डबक्यात रस!

मोजण्याची त्यांची एक पद्धत होती. टेपचं शून्याचं टोक ते स्वतः कधी धरत नसत. घरमालकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "शून्य तुम्ही धरा." दुसरं टोकही घरातल्याच कोणाला तरी धरायला लावायचं, आकडा त्या माणसाने मोठ्याने वाचायचा आणि काकांनी फक्त लिहून खाली दोघांची सही घ्यायची. पाच खोल्यांच्या घराला यात दोन तास जात. मी एकदा म्हणालो, एक पोरगा ठेवा हाताखाली, अर्ध्या तासात काम होईल. तर म्हणाले, "काम होईल. पण उद्या तुम्हीच म्हणाल, त्यानं चुकीचं मोजलं."

आणि चहा. ज्या घराचं काम हातात आहे तिथे ते पाणीसुद्धा पीत नसत. माझ्या बायकोने त्या दिवशी पोहे केले होते. त्यांनी हात जोडले. "वहिनी, अहवाल हातात पडला की येतो." ती दोन दिवस मलाच बोलत होती. पण अहवाल आल्यावर एका रविवारी ते खरंच आले, पोहे सांगून करून घेतले, दोन कप चहा घेतला आणि घराविषयी अक्षर काढलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "लोक मला कर्जात बोलावतात, वाटणीत बोलावतात, फारकतीत बोलावतात. वास्तुशांतीला कोणी बोलावत न्हाई."

फारकतीत त्यांना बोलावण्याची वेळ आमच्यावर येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

माझी धाकटी बहीण मंगल बदनापूरला असते. तिचं आणि आमच्या दाजींचं जमेनासं झालं आणि दाजी छत्रपती संभाजीनगरला वेगळे राहू लागले. दीड वर्ष दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी संमतीने फारकत घ्यायची ठरली. मुलगी आईकडे, हे दोघांनाही मान्य होतं. प्रश्न उरला घराचा. घर दोघांच्या नावावर, दोघांच्या कमाईचं. खाली तीन खोल्या, वर एक. पुढच्या खोलीत मंगलच्या तीन शिलाई मशिनी.

थोरला भाऊ म्हणून बोलणी मीच केली. दोन गल्ल्या सोडून एक घर नुकतंच विकलं गेलं होतं. तो भाव धरला, त्यात वरच्या खोलीचा खर्च मिळवला आणि बेचाळीस लाख असा आकडा काढला. घर दाजींनी ठेवावं आणि बहिणीच्या वाट्याला एकवीस यावेत, हे माझं गणित. ते पैसे घेऊन तिने जालन्यात माझ्या शेजारी घर करावं, हेही मीच ठरवलेलं. दाजी घासाघीस करतील म्हणून मी तयारीत बसलो होतो. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "चालेल. बेचाळीस."

मला वाटलं, जिंकलो.

मंगलच्या वकीलबाई मात्र म्हणाल्या, व्हॅल्युअरचा अहवाल असल्याशिवाय मी आकडा लिहिणार नाही. मला राग आला. दोन्ही बाजू कबूल असताना तिसऱ्याला पैसे कशाला? पण त्या हटेनात. म्हटलं, ठीक आहे, काका ओळखीचे आहेत, बेचाळीसवर शिक्का मारतील. काकांनी फोनवर अट घातली: फी दोघांनी निम्मी-निम्मी द्यायची, मोजताना दोघांनी हजर राहायचं, आणि अहवाल दोघांना एकाच दिवशी मिळणार.

आता एक कबूल करतो. आधीच्या आठवड्यात मी बदनापूरला जाऊन घराचे तडे पुट्टीने बुजवून घेतले होते. तिथली जमीन काळी. उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते, आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून भिंतीला तिरके तडे जातात. सगळ्यांच्याच घरांना आहेत. मी फक्त जरा नीटनेटकं केलं, असं माझं म्हणणं.

काका आले. फाटकातूनच मी त्यांना सागवानी दारं दाखवली, स्टेशन किती जवळ ते सांगितलं. दारातच त्यांनी मंगलला विचारलं, "ताई, घर ठेवायचं का सोडायचं?"

मी म्हणालो, "काका, त्याचा किमतीशी काय संबंध?"

"किमतीशी न्हाई. भांडणाशी हाय. आणि मी ताईला विचारलं."

मंगल म्हणाली, "मी कुठं जाऊ? गिऱ्हाईक सगळं इथलं. मशिनी इथं. पोरीची दहावी इथं. मी घर सोडून न्हाई राह्यले."

माझ्या डोक्यात गणित एकदम उलटं फिरलं. ती घर ठेवणार, म्हणजे एकवीस लाख तिला मिळणार नव्हते. तिने दाजींना द्यायचे होते. दाजी खिडकीबाहेर पाहत होते. बेचाळीस त्यांना एवढे गोड का लागले, ते मला तेव्हा कळलं.

"मंगल, हे आधी का न्हाई सांगितलं?"

"तू विचारलं कुठं, दादा? तू आल्ता तो आकडा घेऊनच आल्ता."

काकांनी तोवर टेप काढली होती. शून्याचं टोक दाजींच्या हातात दिलं, दुसरं मंगलच्या. दीड वर्ष अबोला धरलेली ती दोन माणसं एकेका भिंतीशी टेप ताणून उभी राहिली.

"दहा फूट चार," मंगल म्हणाली.

"तीन असेल. ढिली धरलीस," दाजी म्हणाले.

"तुम्ही शून्य बराबर धरा आधी. तुमचंच सरकून राह्यलं."

"भांडा," काका लिहिता लिहिता म्हणाले, "पण टेप ताणून भांडा."

मंगलला हसू आलं. दाजींनाही आलं असावं, ते खाली वाकले होते. मला मात्र काही हसू येत नव्हतं. मागच्या खोलीत खिडकीशी काका थांबले. भिंतीवरून बोट फिरवलं.

"हा रंग कधीचा, भाऊसाहेब?"

"दिवाळीचा," मी लाजेखातर म्हणालो.

त्यांनी बोट माझ्यापुढे धरलं. पांढरं झालं होतं. "दिवाळीचा रंग हाताला येत न्हाई." किल्लीने त्यांनी पुट्टी खरवडली. तडा मोकळा झाला. जिथे तो संपत होता तिथे त्यांनी पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. सर्वांसमोर. पावती जपणारा माणूस म्हणून माझी जी काही अब्रू होती, ती त्या भिंतीवर संपली.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, काका, वरच्या खोलीला परवानगी नाही. स्वयंपाकघरात ओल आहे. आणि तडे काय तुम्ही पाहिलेच. मी भाव धरला होता ते घर मोठ्या रस्त्यावरचं, हे आतल्या बोळातलं.

त्यांनी चष्मा काढला. रुमाल काढला. मी डोक्याला हात लावला.

"काल तुम्ही मला सागवानी दारं दाखवली. स्टेशन किती जवळ ते सांगितलं," ते म्हणाले. "आज ओल दाखवून राह्यले. घर तेच हाय ना?"

"माझ्या बहिणीचं घर जाईल, काका. एकवीस ती कुठून आणणार?"

"तुमच्या बेचाळीसनं जाईल. माझ्या आकड्यानं जाईल का ऱ्हाईल, मला ठाऊक न्हाई. ते पाहून मी आकडा लिहीत न्हाई." आणि मग, जरा हळू, "मंगळवारी दोघांना देतो. जल्दी करू नका."

ते चार दिवस माझे कसे गेले ते मला माहीत. मंगलचं सोनं, माझी ठेव, बँक जास्तीत जास्त काय देईल, हे सगळं मांडून पाहिलं. कितीही ओढाताण केली तरी सतराच्या पुढे जात नव्हतो. आणि या माणसाला एक फोन करून 'होईल' म्हणता येत नव्हतं!

मंगळवारी पाकीट फुटलं. चौतीस लाख. निम्मे सतरा.

दाजी उसळले. "बेचाळीस ठरलं होतं! भाऊ-बहिणीनं काकाला पढवलं."

काकांनी अहवालाचं तिसरं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. तिथे मोजमापं होती आणि प्रत्येक ओळीखाली दोघांच्या सह्या. "शून्य तुम्ही धरलं होतं," ते म्हणाले. "माझ्यावर भरोसा नसला तर दुसरा व्हॅल्युअर आणा. फक्त टेप तुम्हीच धरा."

दाजींनी त्यातली आपली सही बोटाने तपासली. मग त्यांनी दुसरा आणला नाही. घर मंगलचं झालं.

त्या रविवारी काका बदनापूरला चहाला गेले. मंगलने शिरा केला होता. जाताना ते मागच्या खोलीत डोकावले आणि तिला म्हणाले, "ही रेघ पुसू नका. तडा रेघेच्या पुढं गेला तर मला सांगा. भाऊसाहेबाला नका सांगू, ते पुट्टी लावतील."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. सकाळी कोणाचं तरी घर मोजून आले, दुपारी पडले ते उठलेच नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने सांगितलं, की तो अहवाल अर्धाच राहिलाय आणि लोक फोन करून विचारतायत, "अंदाजे काय म्हणत होते?" मी म्हणालो, "काही म्हणत नसणार."

मंगल घराला रंग देते, पण खिडकीजवळची वीतभर जागा सोडून. मी बदनापूरला गेलो की आधी मागच्या खोलीत जातो. तडा अजून रेघेवरच आहे. तरी मी खिशातली टेप काढतो.

"दादा, चहा निवून राह्यला," बाहेरून मंगल ओरडते. "दर वेळेस काय मोजतो रे?"

"आधी इकडं ये," मी म्हणतो. "शून्य धर."